मेसचा खाडा

जुलै महिन्यात बडनेरा जंक्शनवर सकाळची गाडी थांबली, की आधी दप्तरं उतरतात आणि मागून पोट्टे. कोणी मूर्तिजापूरकडून आलेला, कोणी चांदूर रेल्वेकडून, कोणी थेट धामणगावहून. काहींना अमरावतीच्या फाट्यावरची गाडी गाठायची घाई असते. काही जण ऑटोत कोंबून अंजनगाव बारी रस्त्यावरच्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे निघतात. ही झाली 'अप-डाऊन' करणारी मंडळी. दुसरी तऱ्हा 'रूम केलेल्यांची'. दोघं-तिघं मिळून कोणाच्या तरी घराच्या वरच्या मजल्यावर खोली भाड्याने घेतात, गाद्या-बादल्या आणतात आणि त्याच संध्याकाळी एकमेकांना विचारतात, "मेस कुठं लावली बे?"

मेस लागली की एक वही येते. तिच्यात रोजच्या दोन जेवणांचे रकाने. पोरगा गावी गेला, तापाने पडला किंवा पेपर वाईट गेला म्हणून अंथरुणातच राहिला, की रकान्यात खाडा पडतो. महिनाअखेरीस खाडे मोजून तेवढे पैसे वजा होतात. सलग किती दिवसांचे खाडे धरायचे, यावरून मेसवाल्या काकूंशी दरमहा घासाघीस ठरलेली. पैशापुरता हा हिशोब चोख असतो. पोरगा जेवायला का आला नाही, यासाठी मात्र वहीत रकाना नाही. काकूंकडून ती अपेक्षाही नाही. त्यांना साठ डबे भरायचे असतात.

या प्रकरणात ज्या व्यवस्थेची ओळख करून घ्यायची आहे, ती याच न आखलेल्या रकान्याभोवती उभी आहे. विद्यापीठात हजारो विद्यार्थी शिकतात. त्यांतला एक आज जेवायला आला नाही, हे कोणाच्या लक्षात यावं? निवासी महाविद्यालय हे या प्रश्नाचं सुमारे साडेसातशे वर्षं जुनं उत्तर आहे.

तीन पत्ते

वऱ्हाडातल्या पदवीच्या विद्यार्थ्याला तीन पत्ते असतात. पहिला विद्यापीठाचा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतली कॉलेजं त्याला जोडलेली. अभ्यासक्रम ते ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. बी.ए.च्या पोराचा विद्यापीठाशी संबंध येतो तो हॉलतिकीट, निकाल आणि फारतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज एवढ्यापुरता. दुसरा पत्ता कॉलेजचा. वर्ग तिथं, हजेरी तिथं, गॅदरिंग तिथं. तिसरा पत्ता रूमचा किंवा वसतिगृहाचा. थोडक्यात, विद्यापीठ परीक्षेपुरतं, कॉलेज हजेरीपुरतं आणि रूम झोपण्यापुरती.

निवासी महाविद्यालयाच्या पद्धतीत दुसरा आणि तिसरा पत्ता एकच असतो. विद्यार्थी जिथं राहतो, जेवतो, आजारी पडतो, तिथंच त्याचा अभ्यासही पाहिला जातो. विद्यापीठ मोठंच राहतं, पण आत तीन-चारशे जणांची घरं पाडलेली असतात आणि प्रत्येक विद्यार्थी कुठल्या तरी एका घरचा असतो.

सहा मैलांचं वर्तुळ

या पद्धतीची जुनी पेठ म्हणजे ऑक्सफर्ड आणि केंब्रिज. केंब्रिजमध्ये आज ३१ कॉलेजं आहेत, ऑक्सफर्डमध्ये लहानमोठी धरून चाळीसच्या आसपास. 'कॉलेज' हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे आर्ट्स-कॉमर्सची इमारत उभी राहते. ती आधी बाजूला सारावी लागते. तिथलं कॉलेज एका विषयाचं नसतं. एकाच जिन्यावर वरच्या खोलीत गणिताचा मुलगा, खाली इतिहासाची मुलगी, समोर वैद्यकाचा विद्यार्थी राहतो. कामांची वाटणी अशी: मोठी व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाकडे, पदवीच्या विद्यार्थ्याची निवड, खोली, जेवण, रोजचं ग्रंथालय आणि दोन-तीन जणांना समोर बसवून होणारं शिकवणं कॉलेजकडे. कॉलेज ही कायद्याने स्वतंत्र संस्था असते. तिची स्वतःची जमीन, स्वतःची तिजोरी, स्वतःचे नियम. विद्यापीठाचा कुलगुरूही कॉलेजच्या कारभारात सहजासहजी हात घालू शकत नाही.

राहण्याचा नियम तर नकाशावर काढून दाखवता येतो. ऑक्सफर्डमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याने सत्र चालू असताना कारफॅक्स या मध्यवर्ती चौकापासून सहा मैलांच्या आत राहायचं असतं. केंब्रिजमध्ये ग्रेट सेंट मेरी या चर्चपासून तीन मैलांच्या आत. सहा मैल म्हणजे साडेनऊ किलोमीटर. हेच वर्तुळ अमरावतीच्या राजकमल चौकात कंपास रोवून काढलं, तर बडनेरा त्याच्या काठावर येईल. मूर्तिजापूर आणि चांदूरचे अप-डाऊनवाले मात्र बाहेरच राहतील. राहणं हा शिक्षणाचाच भाग आहे आणि गाडी धरून येणाऱ्याला तो मिळत नाही, असं त्या नियमाचं म्हणणं आहे.

मुक्काम मोजायची जुनी रीत तर थेट जेवणाशी बांधलेली होती. लंडनच्या बॅरिस्टरीत ती अगदी उघड दिसते. १८८८ साली गांधीजी बॅरिस्टर व्हायला गेले, तेव्हा बारा सत्रं पुरी करायची म्हणजे प्रत्येक सत्रात बॅरिस्टरांच्या संस्थेच्या भोजनगृहात किमान सहा वेळा जेवायला हजर राहायचं, असा नियम होता. जेवलात तर हजेरी. पदार्थ खाल्ले नाहीत तरी चालेल, पण पंगतीला बसायचं. ज्येष्ठांच्या पंगतीत बसल्याशिवाय वकिली अंगात मुरत नाही, ही त्यामागची समजूत. आपल्याकडच्या मेसच्या वहीत खाडा पडला की पैसे वाचतात. तिथं खाडा पडला तर सत्र बुडायचं.

वाड्याचा चौक

ही पद्धत कोणी कागदावर आखून काढली नाही. ती भांडणांतून आणि घरभाड्यातून घडली. बाराव्या-तेराव्या शतकात ऑक्सफर्डला आलेली पोरंही 'रूम करून'च राहत होती. गावकऱ्यांचं आणि त्यांचं पटत नसे. भाड्यावरून, दारूवरून मारामाऱ्या होत. १३५५ साली एका खानावळीतल्या दारूवरून सुरू झालेल्या दंगलीत दोन्हीकडची माणसं मेली. अशा गावात धनिकांनी आणि बिशपांनी गरीब विद्वानांसाठी राहण्याची सोय करून जमिनी लावून दिल्या. मर्टन कॉलेजचे नियम १२६४ सालचे, केंब्रिजचं पीटरहाउस १२८४ सालचं. सुरुवातीला ही घरं वरच्या वर्गातल्या अभ्यासकांसाठी होती. १३७९ साली विल्यम ऑफ विकहॅमने ऑक्सफर्डमध्ये न्यू कॉलेज काढलं आणि तिथं कोवळ्या पदवीच्या मुलांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना एकाच आवारात ठेवलं. मोठ्याने लहानाकडे पाहायचं, अशी ती रचना.

इमारतही तशीच बांधली. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, एका अंगाला भोजनगृह आणि बाहेर पडायला एकच दरवाजा. वऱ्हाडातल्या देशमुखी वाड्यात वावरलेल्या माणसाला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. दिंडीदरवाजाशी बसलेला म्हातारा कोण आलं, कोण गेलं हे न विचारता जाणतो. कॉलेजच्या दारातला पोर्टर तेच करतो. खोली झाडायला येणाऱ्या बाईला सकाळी पलंगाची घडी न मोडलेली दिसते. लक्ष ठेवायला वेगळं खातं लागत नाही; ते बांधकामातच घातलेलं असतं. या लक्ष ठेवण्याचा जाचही होता. रात्री फाटक बंद झाल्यावर भिंतीवरून आत उड्या मारणाऱ्या पोरांच्या गोष्टी प्रत्येक जुन्या कॉलेजात सांगितल्या जातात.

आठवड्याचं गणित

ऑक्सफर्ड-केंब्रिजचं सत्र आठ आठवड्यांचं असतं आणि वर्षात अशी तीन. म्हणजे वर्गाचे आठवडे जेमतेम चोवीस. ते कसे जातात हे पाहिलं, की यंत्र कसं फिरतं ते कळतं.

इतिहासाचा विद्यार्थी आठवडाभर विद्यापीठातल्या व्याख्यानांना जातो. जाणं फारसं सक्तीचं नसतं. सक्ती असते ती एका तासाची. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, त्याने दिलेल्या विषयावर निबंध लिहून आपल्या शिक्षकासमोर बसायचं. सोबत फारतर आणखी एक-दोन जण. ऑक्सफर्डमध्ये याला ट्युटोरियल म्हणतात, केंब्रिजमध्ये सुपरव्हिजन. "हे वाक्य तू कशाच्या आधारावर लिहिलंस?" असं समोरचा विचारतो, तेव्हा मागच्या बाकावर लपायला जागा नसते. साठ जणांच्या वर्गात एखादा महिनाभर काही न वाचता राहू शकतो. इथं ते सातव्या दिवशी उघडं पडतं.

केंब्रिजने आणखी एक शहाणपण केलं आहे. अभ्यासाची दिशा पाहणारा माणूस वेगळा आणि विद्यार्थ्याचं बरंवाईट पाहणारा वेगळा. त्या दुसऱ्याला तिथं ट्यूटर म्हणतात, पण तो आपल्या विद्यार्थ्याला विषय शिकवत नाही. घरी वडील आजारी आहेत, पैसे संपले आहेत, झोप लागत नाही, हे त्याला सांगायचं. अभ्यास पाहणाऱ्यापुढे रडायची वेळ येऊ नये, म्हणून ही फारकत.

सत्राच्या शेवटी खोलीचं आणि जेवणाचं बिल येतं. ऑक्सफर्डमध्ये त्याला अजून 'बॅटल्स' हा जुना शब्द आहे. हा सगळा थाट स्वस्तात होत नाही. शतकानुशतकांच्या देणग्या आणि जमिनींचं उत्पन्न मागे असतं, म्हणून तो परवडतो. या घरांची दारंही फार काळ सगळ्यांना उघडी नव्हती. धर्माची अट १८७१ साली गेली. स्त्रियांना ऑक्सफर्डने १९२० साली पदवी दिली, केंब्रिजने तर १९४८ साली. ज्या चौकात सगळे एकमेकांना ओळखतात, त्याच्या दाराबाहेर कोण राहिलं हेही मोजावं लागतं.

येलने लांबवलं, हार्वर्डने घेतलं

विसाव्या शतकात अमेरिकेतली जुनी कॉलेजं फुगली आणि श्रीमंत मुलं आपापल्या क्लबांत, बाकीची मिळेल त्या खोलीत, अशी फाटाफूट झाली. एडवर्ड हार्कनेस हा येलचा माजी विद्यार्थी गडगंज होता, पण स्वभावाने बुजरा. क्लबांच्या वर्तुळाबाहेर राहणाऱ्या साध्या मुलांचं काय, हा प्रश्न त्याला सलत होता. विद्यापीठाची लहान लहान घरं करा, पैसे मी देतो, असं त्याने आपल्या येलला सांगितलं. येलने विचार करण्यात वेळ घालवला. मग तो उठून प्रतिस्पर्धी हार्वर्डकडे गेला आणि तिथल्या अध्यक्षांनी लगेच होकार भरला. हार्वर्डची 'हाउसेस' १९३० पासून उघडू लागली. येलला जाग आली आणि १९३३ साली तिथली पहिली सात निवासी कॉलेजं सुरू झाली. आज ती चौदा आहेत.

अमेरिकेने नक्कल पूर्ण केली नाही. तिथल्या निवासी कॉलेजला स्वतःची तिजोरी नाही, प्रवेश विद्यापीठच देतं, शिकवणंही मुख्यतः विद्यापीठाच्या विभागांत होतं. घराकडे राहिलं ते जेवण, ग्रंथालय, खेळ आणि माणसं. घरप्रमुख आपल्या कुटुंबासह त्याच आवारात राहतो आणि अभ्यासाचे प्रश्न पाहणारा डीनही तिथंच असतो. कोण कुठल्या घरात जाणार हे येल चिठ्ठ्या टाकल्यासारखं आधीच ठरवून टाकतं. हार्वर्डमध्ये बरीच वर्षं मुलांना आवडीचं घर मागता येत असे. परिणाम असा झाला, की एक घर खेळाडूंचं झालं, एक नाटकवाल्यांचं, एक बड्या बापांच्या लेकांचं. अखेर १९९० च्या दशकात तिथंही वाटप नशिबावर सोपवलं. आपल्यासारख्याच्याच शेजारी राहायचं असेल तर विद्यापीठात यायचं कशाला, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्राच्या वसतिगृहांच्या इतिहासात हाच प्रश्न फार निराळ्या आणि टोकदार रूपात समोर येतो.

आपल्याकडे परीक्षा आली, घर आलं नाही

१८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं विद्यापीठं निघाली, तेव्हा इंग्रजांनी नमुना ऑक्सफर्डचा घेतला नाही, लंडनचा घेतला. लंडन विद्यापीठ त्या काळी शिकवत नसे; परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. दूरदूरच्या कॉलेजांवर कमी खर्चात एकच माप लावायला हा नमुना सोयीचा होता. मुलगा कुठं राहतो, काय जेवतो, हा विद्यापीठाचा विषयच राहिला नाही. पुढे सॅडलर आयोगाने १९१९ साली या पद्धतीवर बोट ठेवलं आणि शिकवणाऱ्या, निवासी विद्यापीठांची शिफारस केली. १९२१ साली सुरू झालेलं ढाका विद्यापीठ त्या धर्तीवर वसतिगृहं, म्हणजे 'हॉल', घेऊनच उभं राहिलं. नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं आणि अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज, आजचं विदर्भ महाविद्यालय, त्याच वर्षीचं. पण वऱ्हाडात संलग्नतेची वीण कायम राहिली आणि १९८३ साली अमरावती विद्यापीठाकडेही तीच आली. बडनेऱ्याचं इंजिनिअरिंग कॉलेजही त्याच वर्षी निघालं.

अपवाद आहेत. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. तिथं शेत, वर्ग आणि होस्टेल एकाच शिवारात आहेत. शेवटच्या वर्षात 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, पोरं गावात मुक्कामाला जातात, म्हणजे राहणं हाच अभ्यासक्रम होतो. अमरावतीत १९१४ सालापासून चाललेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारातही पहाटेच्या मैदानापासून दिवस सुरू होतो. राहणं आणि शिकणं तिथं वेगळं काढता येत नाही.

अकोल्याचा विद्यार्थी

मराठी मुलखातलं निवासी कॉलेजचं सगळ्यात फळलेलं उदाहरण अकोल्याहून निघतं. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण मॅट्रिक झाले १८७५ साली अकोल्यातून. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. गावापासून दूर, येरवड्याच्या बाजूला १८६८ साली बांधलेल्या त्या आवारात विद्यार्थी राहत. आगरकरांकडे एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालायचे, ही गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. बाळ गंगाधर टिळकही त्याच आवारात राहिलेले. तब्येत कमावण्यासाठी त्यांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत घालवलं, हेही तितकंच प्रसिद्ध. टिळक राहत ती खोली पुढे जपून ठेवण्यात आली.

१८७९ च्या सुमारास एक कायद्याचा आणि एक एम.ए.चा अभ्यास करत असताना दोघे तासन् तास बोलत बसत, देशासाठी शिक्षणाचं काय करायचं हे घोळवत. कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेल्या त्या बोलण्यातून १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलशी दोघांचं नातं जुळलं, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. पुढे दोघांचं जन्माचं वाजलं, हा भाग निराळा. भांडायला लागणारी जवळीकही त्या आवारातच तयार झाली होती.

शेजाराचं असंच देणं डॉ. आंबेडकरांनाही मिळालं. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले. ती मैत्री जन्मभर टिकली. पुढे लंडनला अभ्यास पुरा करायला जाताना भथेनांनी त्यांना पैशाची मदत केली. भारतात ज्या माणसाला गावात राहायला जागा मिळणं मुश्किल, त्याला खोलीत सोबती मिळाला तो सातासमुद्रापार.

शेजारी कोण?

इथं आपल्या वसतिगृहांचा खरा प्रश्न येतो. खेड्यातला हुशार मुलगा शहरात शिकायला आला, तर अडचण फक्त भाड्याची नव्हती. जात विचारून दार लावलं जाई. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. मग जैन, लिंगायत, मुसलमान अशी एकेका समाजाची निघाली आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे. ही जातवार घरं म्हणजे येलच्या चिठ्ठ्यांच्या अगदी उलट, पण त्या वेळी दुसरी वाट नव्हती. ज्या समाजाला शाळेच्या ओट्यावरही जागा नव्हती, त्याला आधी छत द्यायचं होतं.

या घरांच्या भिंतींना पहिला धक्का आतूनच बसला. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. त्याच भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. पोरं एकत्र दळायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, त्या पोरांच्या धान्यापायी गेलं. १९२७ साली गांधीजींनी त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं.

वऱ्हाडात हेच काम भाऊसाहेबांच्या, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांच्या, हातून झालं. पापळ गावचे पंजाबराव १९२० साली विलायतेला गेले. एडिंबराचे एम.ए., बॅरिस्टर आणि वेदवाङ्मयातल्या धर्मावरच्या प्रबंधासाठी ऑक्सफर्डचे डी.फिल. होऊन परतले. तो प्रबंध १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापला. बॅरिस्टरीच्या पंगतीत जेवलेल्या या माणसाने अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी छात्रालय काढलं आणि त्याला डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत खून झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचं नाव दिलं. श्रद्धानंद १९०२ साली गुरुकुल कांगडी उभारणारे, म्हणजे मुक्कामी शिक्षणाचेच पुरस्कर्ते. त्याच सुमारास पंजाबराव अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठीही उभे होते. देवळाचं दार आणि छात्रालयाची पंगत ही त्यांच्या लेखी एकच लढाई होती. १९३२ साली निघालेली श्री शिवाजी शिक्षण संस्था नंतरची. पोरं एका पंगतीत आधी बसली.

ऑक्सफर्डचं छोटं कॉलेज आणि अमरावतीचं छात्रालय यांत पैशाचा, दगडाचा, इतिहासाचा काडीचाही मेळ नाही. पण दोन्हीकडे खाड्याची वही पैशासाठी नव्हती. आज पंगतीत कोण नाही, हे वाढणाऱ्याला माहीत असे.

खोल्या नसलेलं कॉलेज

आज सरकारची मदत आहे. समाजकल्याणाची वसतिगृहं आहेत. ज्यांना तिथं जागा मिळाली नाही, अशा अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून खात्यात पैसे मिळतात. शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठीच्या निर्वाह भत्त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचंच नाव आहे. या पैशामुळे कितीतरी पोरांचं शिक्षण सुटता सुटता राहिलं. तरी भत्ता खोली देतो, शेजार देत नाही. छात्रालय काढणाऱ्याचं नाव भत्त्याला लागलं, पण पंगत मागेच राहिली.

मग पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाने चौकबंद वाडे बांधत सुटायचं काय? तेवढा पैसा नाही आणि अप-डाऊन करणाऱ्या पोराला घरी जाऊन वडिलांबरोबर कपाशीला पाणीही द्यायचं असतं. पण केंब्रिजच्याच इतिहासात एक धडा आहे, आणि तो बडनेऱ्याला अधिक लागू पडतो.

१८६९ साली केंब्रिजने कॉलेजचा खर्च न झेपणाऱ्या मुलांना प्रवेश दिला. ही मुलं कुठल्याच कॉलेजची नव्हती; गावात भाड्याच्या खोल्यांत राहायची, अगदी आपल्या रूमवाल्यांसारखी. विद्यापीठाने त्यांच्यासाठी एक मंडळ नेमलं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणूस दिला. खोल्या देणाऱ्या घरमालकिणींना परवाने होते आणि पोरगं रात्री उशिरा आलं तर त्याची नोंद त्यांना ठेवावी लागे. १८७४ साली फिट्झविल्यम संग्रहालयासमोर एक घर घेतलं. तिथं पोरं जमू लागली, वाचू लागली, खेळाचे संघ करू लागली. घराला फिट्झविल्यमचं नाव पडलं. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते याच फिट्झविल्यम हाउसमध्ये. त्याला कॉलेज हा दर्जा मिळाला १९६६ साली. म्हणजे आधी ९७ वर्षं नुसती माणसं एकमेकांना ओळखत होती. कॉलेज हे नाव मागून आलं.

बडनेऱ्यात परवाना नसलेल्या घरमालकिणी आजही रात्री दहाला फाटकाची कडी लावतात आणि कोण आलं नाही ते त्यांना ठाऊक असतं. मेसवाल्या काकूंकडे वही आहेच. कॉलेजात पालक-शिक्षक योजनेचे कागद भरले जातात, म्हणजे एकेका प्राध्यापकाच्या नावावर वीस-पंचवीस पोरं कागदोपत्री आहेत. तिन्ही गोष्टी एकमेकींपासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत, आणि केंब्रिजचा नियम तीन मैलांचा आहे. त्या प्राध्यापकाने आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्या पंचवीस पोरांच्या मेसमध्ये त्यांच्यासोबत वरण-भात खाल्ला आणि जाताना काकूंच्या वहीवरून नजर फिरवली, तर त्याला कोणाचं इंग्रजी कच्चं आहे ते कळेल, आणि कोणाच्या नावापुढे सलग चार खाडे आहेत तेही. त्या चार खाड्यांपुढे तो राहून गेलेला रकाना आखायला शाई लागते तेवढीच.